मुरलेल्या वाचकाला कोणते नवे कॉमिक सुचवावे?

कॉमिक्स कधीच न वाचलेल्या माणसाला पुस्तक सुचवणे तुलनेने सोपे असते, कारण जुने-नवे सगळेच त्याला सारखे अपरिचित असते. खरी पंचाईत होते ती आपल्याइतक्याच मुरलेल्या वाचकाला काही सुचवताना. नव्या मालिकांच्या घोषणा त्याला आपल्याआधी ठाऊक असतात आणि 'कथा फार छान आहे' एवढ्या शिफारशीवर तो भुलत नाही. अशा वाचकाला मी कथानक सांगत बसत नाही. त्या पुस्तकातले चित्र असे काय करते, जे त्याच गोष्टीवरच्या कादंबरीला किंवा चित्रपटाला साधले नसते, एवढेच सांगतो. 2024 पासून आलेल्या पुस्तकांपैकी या कसोटीवर जी मला टिकली, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी 'अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर'. डीसी या अमेरिकी कॉमिक्स-प्रकाशकाच्या 'अ‍ॅब्सोल्यूट' या, जुने नायक नव्याने घडवणाऱ्या मालिकांमधली ही मालिका मार्च 2025 मध्ये सुरू झाली. लेखक डेनिझ कँप आणि चित्रकार हाविएर रॉड्रिगेज. जॉन जोन्स हा एफबीआयचा अधिकारी एका आत्मघातकी स्फोटातून वाचतो आणि त्यानंतर त्याच्या डोक्यात एक परग्रहवासी बोलू लागतो. एवढे कथानक ऐकून अनेकजण 'हे आपण वाचले आहे' म्हणतील, आणि त्यांचे फारसे चुकणारही नाही. परंतु या मालिकेचा प्राण रंगात आहे. आजूबाजूच्या माणसांचे विचार जॉनला रंगीत धुरासारखे दिसू लागतात, म्हणजे एरवी कॉमिक्समध्ये ज्यासाठी विचारांचे फुगे आणि निवेदनाच्या चौकटी खर्ची पडल्या असत्या, ते काम येथे रंगाच्या एका वळशावर भागते. रॉड्रिगेज स्वतःच्या चित्रांना रंगही स्वतःच देतो, त्यामुळे रेषा आधी आणि रंग मागाहून अशी विभागणी येथे जाणवत नाही. सपाट, भडक रंगांचे पट्टे पाहताना पोस्टरकलेची आठवण होते, आणि मध्येच एखादे पान असे येते की, प्रथम त्याचा आकार पाहावा लागतो आणि मजकूर नंतर वाचावा लागतो. मी पहिला अंक संपवून लगेच पुन्हा चाळला, तो केवळ कोणत्या माणसाभोवती कोणता रंग होता हे पाहण्यासाठी.

याच मालिकांमधला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' (ऑक्टोबर 2024, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा) बहुतेकांनी एव्हाना वाचला असेल, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. ब्रूस वेनची श्रीमंती काढून घेतली तर काय उरेल, हा प्रश्न ऐकायला चमकदार असला तरी त्याचे खरे उत्तर ड्रॅगोटाने काढलेल्या अवाढव्य देहात आहे, कारण पैशाने मिळणारी सगळी साधने गेल्यावर या माणसाला स्वतःचे शरीरच यंत्रासारखे वापरावे लागते. माझी पसंती मात्र केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांच्या 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन'ला आहे. नरकात, सर्सी या चेटकिणीच्या हाताखाली वाढलेली डायना येथे आहे. तरीही तिचा स्वभाव कडवट झालेला नाही, हे लेखिकेने फार समजून लिहिले आहे. अंधारमय पार्श्वभूमी दिली की नायिकाही अंधारीच झाली पाहिजे, या जुन्या सवयीला तिने बळी न पडणे मला महत्त्वाचे वाटते.

मार्व्हलच्या बाजूने जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांचा 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' (जानेवारी 2024 पासून) सुचवतो, पण त्यामागचे कारण थोडे वेगळे आहे. येथला पीटर पार्कर विवाहित आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि शक्ती त्याला वयाच्या पस्तिशीच्या आसपास मिळते. अंक महिन्याला एक आणि कथेतला काळही महिन्यागणिक पुढे सरकणारा, अशी रचना असल्यामुळे दोन अंकांच्या मध्ये या कुटुंबात काहीतरी घडून गेलेले असते, जे आपल्याला दिसलेले नसते. काही अंकांत तर घरातल्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पाच अधिक आहेत. हाणामारीच्या अपेक्षेने येणाऱ्याला ते संथ वाटेल, आणि अशा वाचकाला मी ही मालिका सुचवणारही नाही.

मोठमोठ्या 'इव्हेंट' कथा मी मुद्दाम वगळल्या आहेत. अर्ध्या डझन मालिका वाचल्याशिवाय जिचा शेवट लागत नाही, ती शिफारस नसून गृहपाठ असतो. एकाच अंकाच्या निरनिराळ्या मुखपृष्ठांबद्दल तर न बोललेलेच बरे.

सुपरहिरोंच्या बाहेरचे नवे पुस्तक एकच घ्यायचे असेल, तर टेसा हल्स यांचे 'फीडिंग घोस्ट्स' (2024) घ्यावे. शांघायमध्ये पत्रकार असलेली आणि 1957 मध्ये हाँगकाँगला निसटून गेलेली आजी, तिच्या मानसिक आजाराच्या सावलीत वाढलेली आई आणि या दोघींपासून दूर पळू पाहणारी लेखिका, अशा तीन पिढ्यांची ही आठवण आहे. 2025 मध्ये या पुस्तकाला आत्मचरित्र विभागातले पुलित्झर पारितोषिक मिळाले. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस' या, नाझी वंशसंहारावरच्या कॉमिकला 1992 मध्ये हा मान मिळाला होता, तोही विशेष पारितोषिक म्हणून. शाईने भरलेली ही कृष्णधवल पाने दाट आहेत, मजकूरही भरपूर आहे, त्यामुळे एका बैठकीत ते संपत नाही आणि संपवूही नये. इतिहासाचे तपशील आणि घरातली भुते एकाच पानावर येतात, तेव्हा कोणते खरे आणि कोणते मनातले हे रेषा वेगळे करून देत नाही. आजीच्या दृष्टीने जगही असेच होते.

चित्रांतून पत्रकारिता करणारे जो सॅको यांचे 'द वन्स अँड फ्यूचर रायट' (2025) हे 2013 च्या मुझफ्फरनगर दंगलीवरचे पुस्तक पत्रकारितेची आवड असणाऱ्यांनी जरूर वाचावे. एकाच घटनेच्या परस्परविरोधी साक्षी शेजारी शेजारी चितारण्याची त्यांची पद्धत येथे विशेष परिणाम करते, कारण सांगणाऱ्याने सांगितलेले चित्ररूपात आले की खोटेही डोळ्यांना खरेच दिसते, आणि वाचकाला प्रत्येक चौकटीपाशी सावध राहावे लागते.

एमिल फेरिस यांच्या 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स'चा दुसरा भाग 2024 मध्ये आला, पहिल्या भागानंतर तब्बल सात वर्षांनी. तो सुचवताना दोन अटी घालतो. पहिला भाग (2017) वाचल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, कारण कथा मधूनच सुरू होते. दुसरी अट अशी की हे पुस्तक फोनच्या पडद्यावर वाचू नये. रेघांच्या वहीवर बॉलपेनने काढल्यासारखी ही चित्रे आहेत, एका छोट्या मुलीची ती डायरी आहे, आणि अनेक ठिकाणी चित्र दोन्ही पानांवर पसरलेले असते. पडद्यावर त्याचे दोन तुकडे होतात, आणि बॉलपेनच्या बारीक जाळीतून उभे राहिलेले चेहरे मोठे करून पाहावे तर भोवतालचा मजकूर नजरेआड जातो.