नाक दाबलं की चहा बोलतो

टी बॅगचा नवा डबा फोडला की आधी वास येतो आणि निम्मा निकाल तिथेच लागतो. "वा, काय स्ट्रॉबेरी आहे!" इथेच फसगत होते. नाकाला लागतं ते हवेत उडणारं, जिभेला लागतं ते पाण्यात उतरलेलं. ही दोन्ही एकाच वस्तूतून आलेली असतील असं नाही, आणि स्वस्त मालात ती बहुतेकदा नसतातच.

म्हणून फ्लेवर्ड असो की हर्बल, पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्यायचा. नाक बंद असताना फक्त आंबट, गोड, कडू, खारट एवढंच कळतं, शिवाय तुरटपणा, सुंठीचा झणका आणि पुदिन्याचा गारवा. स्ट्रॉबेरी, पीच, व्हॅनिला यांचा पत्ताच लागत नाही. घोट गिळायचा आणि मग नाक सोडायचं. वास घशातून वर चढतो, आणि पिशवीतल्या मालाने काय दिलं व वरून फवारलेल्या फ्लेवरने काय दिलं याची फोड तिथल्या तिथे होते. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे चहाचं उघडतं.

लाल 'बेरी' चहावर हा प्रयोग करून बघा. नाक दाबल्यावर नुसता आंबट घोट उरतो. तो आंबटपणा आणि तो लाल रंग स्ट्रॉबेरीचा नसून हिबिस्कसचा असतो. डब्यावर जास्वंदीचं चित्र असलं तरी आत असते लाल अंबाडी, म्हणजे फूल गळल्यावर बोंडाभोवती राहणारं मांसल लाल आवरण, वाळवून चुरलेलं. कण्या घालून आपण जिची आंबट भाजी करतो त्याच घराण्यातली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे ती वाचली की उलगडा होतो. पहिला हिबिस्कस, मग सफरचंदाचे तुकडे, रोझहिप (रानगुलाबाचं फळ), आणि शेवटी कुठेतरी फ्लेवर. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, चेरी असे तीन डबे विकत आणलेत तर पुष्कळदा एकाच अंबाडीला तीन अत्तरं लावलेली निघतात. त्यात गैर काही नाही, फक्त पैसे कशाचे देतोय ते माहीत असावं.

आता मांडणी. कप पांढरे, चिनीमातीचे, सगळे एकाच मापाचे. काचेच्या ग्लासात रंग मागच्या भिंतीवर ठरतो. सोनारी पद्धतीचा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, कारण पिशव्यांचं वजन एकसारखं नसतं. डब्यावरचं निव्वळ वजन भागिले पिशव्यांची संख्या हा पहिला हिशोब. २५ पिशव्या आणि ३२.५ ग्रॅम म्हणजे पिशवीला १.३ ग्रॅम. शेजारच्या डब्यात २५ पिशव्या आणि ५० ग्रॅम म्हणजे २ ग्रॅम. दोन्हींवर २०० मिली पाणी ओतून "हा पांचट, तो कडक" म्हणणं हा पहिल्यावर अन्याय आहे. चहा चाखण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३१०३, १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं सांगतं. ते मुद्दाम कडक ठेवलंय, दोष उघडे पडावेत म्हणून. घरी पिशव्या जोखताना ग्रॅमला ७५ मिली पुरे. म्हणजे १.३ ग्रॅमच्या पिशवीला १०० मिलीच्या आसपास आणि २ ग्रॅमच्या पिशवीला १५०.

पाण्याकडे मुंबईत विशेष लक्ष द्यावं लागतं. महापालिकेचं पाणी विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांचं, म्हणजे मुळात पावसाचं. क्षार कमी, चहाला उत्तम. त्यातला क्लोरीन मात्र कॅमोमाइलच्या वाळवलेल्या फुलांसारख्या नाजूक मालाला मारतो. पातेल्यावर झाकण न ठेवता मिनिटभर खळखळू दिलं की तो बराचसा निघून जातो. सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा येतो. तो चहातल्या पॉलिफेनॉलचा, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांचा, आणि पाण्यातल्या कॅल्शियमचा, पत्तीचा दोष नव्हे. आरओचं पाणी वापरलं तर चालतं, पण चव जरा सपाट लागते. काहीही वापरा, एका बैठकीतल्या सगळ्या कपांना पाणी एकच.

काळ्या चहाला उकळतं पाणी आणि ३ मिनिटं. हर्बलला उकळतं पाणी आणि ५ ते ७ मिनिटं, कारण फुलं, मुळं आणि सालं चहापत्तीपेक्षा उशिरा उतरतात. ग्रीन टीला ८० अंशांच्या आसपास आणि २ मिनिटं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका गार कपात, मग दुसऱ्या गार कपात ओतायचं. दर खेपेला साधारण १० अंश उतरतात. ग्रीन टी कडू झाला की लोक ब्रँड बदलतात, खरं तर किटली बदलायला हवी.

पिशवी बुडाली की कपावर बशी झाका. वेळ संपल्यावर कपात नाक खुपसण्याआधी बशी उचलून तिची खालची बाजू हुंगा. तिथे जमलेल्या थेंबांत उडून जाणारी तेलं गोळा झालेली असतात. गवती चहाच्या पिशवीचं भवितव्य या थेंबांत ठरतं. चांगल्या मालाच्या बशीला परसातली ओली पात चुरगळल्यासारखा, लिंबाच्या सालीकडे झुकणारा वास येतो. तो सिट्रालचा, म्हणजे पातीतल्या लिंबूवाण्या वासाच्या द्रव्याचा. पात फार बारीक कापून बरेच महिने पडून राहिली असेल तर सिट्राल उडालेलं असतं आणि बशीला नुसत्या वाळक्या गवताचा वास येतो. तुलना करायला दादरच्या बाजारातून गवती चहाची जुडी आणा, एक पात तोडून शेजारच्या कपात घाला. पिशवीची बाजू घेणं मग अवघड जातं.

पिशवी वर काढताना पिळू नका. दहा सेकंद निथळू द्या आणि बाजूला ठेवा. पिळली की बारीक भुकटी आणि तुरटपणा एकदम कपात उतरतो, अर्क गढूळ होतो. मग चमच्याने घ्या आणि भुरका मारा. आजोबा बशीतून मारायचे तसा, आवाजासकट. हवेबरोबर चहाचे तुषार तोंडभर उडतात आणि वास मागून नाकात पोहोचतो. गुपचूप प्यायलात तर अर्धी माहिती गिळून टाकलीत.

तोच कप २० मिनिटांनी, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा प्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरा निकाल इथेच लागतो. गरम असताना वाफ वास वर ढकलते आणि दोष झाकले जातात. गार कपात लेमन ग्रीन टीमधला खोटा लिंबू लिमलेटच्या गोळीसारखा उघडा पडतो. खोटी स्ट्रॉबेरी शाळेतल्या वासाच्या खोडरबरासारखी लागते, पीच शांपूसारखा, गुलाब अगरबत्तीसारखा. अर्ल ग्रे म्हणजे बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल लावलेला काळा चहा. ते तेल खरं असेल तर गार कपातही मोसंब्याच्या सालीचा किंचित कडवटपणा राहतो. बनावटी असेल तर फरशी पुसायच्या द्रावणाची आठवण होते. अर्ल ग्रे कडक सीटीसी डस्टवर, म्हणजे यंत्रात चिरडलेल्या चहाच्या बारीक भुकटीवर, बनवलेला मला पटत नाही. मिनिटभरात तो इतका काळा होतो की बर्गमॉटला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

फ्लेवर किती वरवरचा आहे हे बघायचा आणखी एक साधा उपाय म्हणजे दुसरं पाणी. वेळ संपल्यावर तीच पिशवी दुसऱ्या कपात नव्या गरम पाण्यात टाका. सुंठ, दालचिनी, तुळस, पुदिना दुसऱ्या पाण्यातही निम्मं-अर्धं काही तरी देतात. फ्लेवर पहिल्याच पाण्यात संपलेला असतो. पिशवी फाडून पांढऱ्या कागदावर पसरा. पत्तीत साबुदाण्याहून बारीक, एकसारखे, फिकट कण दिसले तर ते फ्लेवरचे दाणे. गरम पाणी लागताच ते विरघळतात, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात वासाचा भपका आणि नंतर सामसूम.

पिशवी फाडलीच आहे तर तिचीही परीक्षा घ्या. माल झटकून काढा, रिकामी पिशवी खळखळून घ्या आणि ५ मिनिटं गरम पाण्यात टाका. ते पाणी चाखलं तर साधं लागायला हवं. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर कपातला तो 'कागदी' दोष चहाचा नाही. कडा उष्णतेने चिकटवलेल्या कागदी पिशव्यांच्या धाग्यांत चिकटण्यापुरतं प्लास्टिक असतं, आणि जाळीच्या चकचकीत पिरॅमिड पिशव्या बहुधा नायलॉन, पीईटी किंवा मक्यापासून बनवलेल्या पीएलएच्या. घडी घालून दोऱ्याने बांधलेली दोन कप्प्यांची पिशवी मला सगळ्यांत बरी वाटते, पाणी दोन्ही बाजूंनी खेळतं. पिन मारलेल्या पिशव्या अजूनही कुठे दिसल्या तर घेऊ नका. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २०१७ मध्येच त्या बंद करायला सांगितलं होतं.

चाखायचा क्रम सौम्याकडून उग्राकडे. ग्रीन, कॅमोमाइल, गवती चहा, अर्ल ग्रे, हिबिस्कस, तुळस, सुंठ, आणि पुदिना सर्वांत शेवटी. पुदिन्यानंतर जीभ पाव तास तरी सुन्न असते. एका बैठकीत पाच-सहाच कप. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. वडापावची लसूण चटणी खाऊन बसलात तर त्या दिवसाचे गुण रद्द समजा.

तुळशीच्या पिशवीत लवंगेसारखा वास येणं बरोबर, युजेनॉल हे वासाचं द्रव्य दोन्हींत आहे. मातकट लागली तर पानांपेक्षा काड्या जास्त. आल्याच्या चहात बहुधा सुंठ असते, ती ओल्या आल्याहून तिखट आणि उशिरा, घशात लागते. जिभेवर लगेच लिंबूवाणी तरतरी आली तर ती वरून घातलेली. जेष्ठमधावर मात्र नजर ठेवा. गिळल्यावरही गोडवा रेंगाळतो, आणि कमअस्सल मालाचा कडवटपणा झाकायला तो सोयीचा पडतो. रक्तदाबवाल्यांनी तो रोज पिऊ नये. 'डिटॉक्स' लिहिलेल्या डब्यात सोनामुखी आहे का बघा. असेल तर तो चहा नाही, जुलाबाचं औषध आहे, आणि त्याला गुण द्यायचे नसतात.

दोन ब्रँडमध्ये खरंच फरक आहे की डब्याच्या रंगाची भूल, हे ठरवायला घरातल्या कुणाला तरी तीन कप भरायला सांगा, दोन एकाचे आणि एक दुसऱ्याचा, बुडाला खुणा करून. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा वेळा करा आणि पाच वेळा ओळखलं तरच फरक मान्य करा. आवडता महागडा डबा इथे चारवर अडकला की घरात शांतता पसरते.

दुधाचं थोडक्यात. मसाला चहाची पिशवी थेट गरम दुधात टाकली तर अर्क नीट उतरत नाही. आधी १०० मिली उकळत्या पाण्यात ४ मिनिटं, मग २५-३० मिली गरम दूध. हिबिस्कसच्या वाटेला दूध घेऊन जाऊ नका, फाटतं.

पावसाळ्यात या सगळ्या तपासण्या खोट्या ठरू शकतात, कारण जून ते सप्टेंबर मुंबईत पिशव्या सादळतात. पिशवी कानाशी हलवली तर आतला माल कोरडा खुळखुळला पाहिजे. दोरा ओलसर आणि माल गोळा झालेला असेल तर तो डबा तुलनेला घेऊच नका. कागदी पाकिटापेक्षा आतून चांदी असलेलं पाकीट कितीतरी बरं. डबा फोडल्यावर पिशव्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्यांपासून आणि विशेषतः सुक्या बोंबलांपासून लांब. फ्रिजमध्ये नकोत, बाहेर काढल्याबरोबर त्यांना घाम फुटतो. फोडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहा. पुदिन्याला मात्र वेगळा डबा द्या, जमलं तर वेगळं फडताळच.