म्हैस आधी मागून उठते

शॉट पाठवून तीन आठवडे झाले तरी डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितोय. पिक्चरचं नाव सांगता येणार नाही, करारावर सही आहे आणि तो अजून यायचाय. एवढंच सांगतो की ॲनिमेशन आहे, पोराबाळांना घेऊन बघायचा, आणि त्यातल्या म्हशीला रेसकोर्सवर घोड्यांबरोबर पळायचंय. मुंबईच्या एका स्टुडिओकडनं त्यातले थोडे सीन आमच्याकडे कोल्हापूरला आलेत.

म्हैस पळणार म्हटल्यावर बाहेरचे लोक हसतात. आमच्याकडे त्यात हसण्यासारखं काही नाही. दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशींची शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि मालकाच्या मोटरसायकलमागं म्हैस अशी सुटते की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं मागं सरकतात. मी लहानपणापासून हे बघत आलोय, त्यामुळं हे काम आलं तेव्हा वाटलं हे आपल्यासाठीच आलंय. आणि बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, १९२९ ला जिथं प्रभात सुरू झाली (१९३३ ला ती पुण्याला गेली ते सोडा), त्या गावात मला अजून विचारतात की हे काम इथं होतं होय, मुंबईला का जात नाहीस. कॉम्प्युटर आपोआप करतो म्हणणारे तर घरातच आहेत.

आपोआप काही होत नाही. एका सेकंदाला २४ फ्रेम, आणि आमच्याकडचा चांगला ॲनिमेटर आठवड्याला चार-पाच सेकंद काढतो. चार पायांचं जनावर असेल तर त्याहून कमी. म्हशीच्या खांद्याचा फरा हाडानं छातीला जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंवर तोललेला असतो, त्यामुळं पाऊल टाकलं की तो कातडीखाली वर सरकतो, आणि तो सरकला नाही तर म्हैस टेबलासारखी चालते. मुंबईहून आलेलं डिझाइन मुऱ्हाचं आहे, घट्ट वळलेली शिंगं. आपली पंढरपुरी असती तर तलवारीएवढी शिंगं दर वेळी मान वळवली की खांद्यातनं आरपार गेली असती आणि आम्ही तेच निस्तरत बसलो असतो. तरी मनातनं वाटतंच की पंढरपुरी हवी होती.

तर तो शॉट. ९६ फ्रेम, म्हणजे चार सेकंद. रात्रीची वेळ, म्हैस गोठ्यात बसलीय, लांबून रेसकोर्सचा आवाज येतो आणि ती उठते. बास, एवढंच. आमच्यातल्या सगळ्यात नवीन पोराला दिला होता, करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातनं रोज एसटीनं येतो, फारसा बोलत नाही. मंगळवारी त्यानं ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोझचा कच्चा खर्डा, दाखवलं आणि मी बघितलं की म्हैस पुढचे दोन्ही पाय लांब करून आधी पुढनं उठतीय. घोडा उठतो असा! म्हैस असं कधीच उठत नाही. ती आधी गुडघ्यांवर येते, डोकं जोरात पुढं फेकते, त्या झोक्यानं मागचा भाग वर जातो, मग पुढचा एक पाय, मग दुसरा. गायीचं पण तेच. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, यूट्यूबवरचा घोडा उचललास आणि म्हशीवर चिकटवलास, निदान एकदा गोठ्यात जाऊन तरी बघायचंस. आवाज चढला होता माझा. तो हो दादा म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

बुधवारी पहाटे मी स्वतः गेलो, गंगावेशीजवळ ओळखीचा गवळी आहे त्याच्या गोठ्यात, मोबाईल घेऊन. तो म्हणाला, काय बगायलाय एवढं? म्हटलं, उठताना बघायचीय. त्यानं पाठीवर थाप मारली आणि चारपाचशे किलोचं जनावर कसं उठतं ते मी एक हातावरनं बघितलं. उठायच्या आधी ती नाकातनं एक मोठा श्वास सोडते. गुडघ्यांवर क्षणभर थांबते, आणि त्या क्षणी सगळं वजन मानेत असतं, मानेवरची कातडी ताणून गुळगुळीत होते. मागचा भाग वर गेला की पोट उशिरा पोचतं, दोनदा हलतं, मग थांबतं. मी पाच-सहा म्हशींचे व्हिडिओ घेतले आणि दोन रात्री बसून तो शॉट स्वतः केला. श्वास घेतला, मानेचा ताण घेतला, पोटाचं हलणं तीन वेळा सुधारलं. शुक्रवारी मुंबईनं एकही नोट, म्हणजे दुरुस्तीची सूचना, न देता पास केला, असं आमच्याकडे क्वचित होतं. मला अभिमान वाटला, आजही त्या उठण्याचा वाटतो.

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध प्यायला नेलं. समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात तो कट्टा. तिथं हा पोरगा म्हशीच्या कासेकडं बघत होता आणि धार काढणाऱ्याला म्हणाला, पान्हा सोडली की आता, घ्या. मी विचारलं तुला काय माहीत. म्हणाला, "आमच्यात तीन म्हशी हाईत दादा. सकाळची धार काढूनच येतो मी."

मला कळेना. मग म्हटलं, तर मग तशी का उठवलीस?

"तिला घोडा व्हायचंय न्हवं."

ग्लास तसाच हातात राहिला. मंगळवारी का नाही बोललास विचारलं तर म्हणाला, तुम्ही विचारलं नाही, आणि नोट आली की करायची असते. हे खरं आहे. आमच्या धंद्यात नोट्स वरनं शीटमध्ये येतात, मुंबईच्या कॉलवर फक्त लीड बसतो, ज्यानं शॉट केला तो पोरगा कॉलवर नसतोच. ही पद्धत मला चुकीची वाटते, आणि त्या दिवशी ती मीच चालवली.

रविवारी आम्ही दोघांनी बसून तिसरा प्रकार केला. आधी ती घोड्यासारखे पुढचे पाय टाकते, खूर शेणावरनं सरकतात, ती गुडघ्यांवर येते आणि मग म्हशीसारखी उठते. १४ फ्रेम वाढत होत्या. मुंबईला पाठवला, कोऑर्डिनेटर बाईंचा फोन आला, आवडलाय म्हणाल्या पण एडिट लॉक झालाय, त्याच्यावर म्युझिक बसलंय, आता अर्धा सेकंद कुठनं आणायचा. मी दोनदा विनवलं. त्यांचंही बरोबर आहे. पिक्चरमध्ये माझाच शॉट जाणार.

काल रात्री सगळे गेल्यावर त्याची मंगळवारची फाइल परत उघडली, एकेक फ्रेम पुढं नेत बघितली. ब्लॉकिंगच होतं, कच्चं. पुढचे दोन्ही खूर टेकले की म्हशीचे कान मागं जातात आणि ती मान खाली घालून स्वतःच्या पायांकडं बघते, सहा फ्रेम. हे स्क्रिप्टमध्ये नाही, कुणी सांगितलेलं नाही. मंगळवारी मी नुसते मागचे पायच बघत होतो.