नोड चालवून तुम्हाला मिळतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बडोद्यात दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, गणपतीच्या मंडपात, कुठेही माझ्या घरच्या बिटकॉइन नोडचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. नोड म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक. मशीन रात्रंदिवस चालू, वर त्यावरच्या बिटकॉइन कोअर या खुल्या सॉफ्टवेअरसाठी फुकट मेहनत. मग मिळतं काय?

पैसे मिळत नाहीत. नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, तयार करणाऱ्या मायनरला बक्षीस असतं. एप्रिल 2024 पासून ते दर ब्लॉकमागे 3.125 बिटकॉइन आहे. नोडला त्यातला छदामही मिळत नाही. नोडचं काम पडताळणीचं. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक येतो. त्यातली सही खरी आहे का, हीच रक्कम आधी कुठे खर्ची पडलेली नाही ना, मायनरने ठरल्यापेक्षा जास्त तर घेतलं नाही ना, हे सगळं माझं मशीन स्वतः बघतं. नियमात न बसणारा ब्लॉक ते नाकारतं आणि पुढे कुणाला देत नाही, मग पाठवणारा मायनर कितीही बलाढ्य असो. एकूण बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या वर जाणार नाहीत, ही गोष्ट मला कुणाच्या शब्दावर मानावी लागत नाही. मला मिळतं ते हे, आणि माझ्या लेखी ते पुष्कळ आहे.

बडोदेकरांना हे उमगायला जड जाऊ नये. इथे एके काळी संस्थानचं स्वतःचं नाणं चालायचं, बाबाशाही. ते गेलं आणि ब्रिटिश रुपया आला. 1908 साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. आमच्या घरातले वडीलधारे आजही त्या बँकेच्या भरवशावर निर्धास्त असतात. त्या विश्वासाबद्दल मला आदर आहे. पण तो गादीवर, सरकारवर, संस्थेवर टाकलेला विश्वास आहे. जगात एक तरी खातेवही अशी असावी, की जी कुणीही सामान्य माणूस पहिल्या पानापासून स्वतः तपासू शकेल, असं मला मनापासून वाटतं. बिटकॉइनच्या वहीचं पहिलं पान 3 जानेवारी 2009 चं आहे. नोड पहिल्यांदा चालू केला की तो तिथपासून सगळं उतरवून घेतो आणि हिशेब जुळवत आजपर्यंत येतो.

तपासणी ढिली पडली तर काय होतं, याचा दाखला 15 ऑगस्ट 2010 चा आहे. बेरीज करताना आकडा मर्यादेबाहेर जाऊन उलटला आणि एका व्यवहारातून 18,400 कोटींहून जास्त बिटकॉइन निर्माण झाले. ब्लॉकचा क्रमांक 74638. काही तासांत सॉफ्टवेअर दुरुस्त झालं, लोकांनी नवी आवृत्ती चालवली आणि तो ब्लॉक बाद ठरला. दुरुस्ती लिहिणारे मोजके होते, पण ती लागू झाली ती चालवणाऱ्यांमुळे.

आता घरचा पसारा. एक छोटा पीसी, 1 टीबीची एसएसडी आणि यूपीएस. साध्या हार्ड डिस्कवर नाद करू नका, सुरुवातीची पडताळणी रडतखडत चालते. जागा नसेल तर प्रूनिंग लावा. नोड सगळं तपासतो, पण जुने ब्लॉक टाकून देतो. ब्लॉकपुरती 550 एमबी जागाही चालते. यूपीएसवर मात्र कंजुषी नको. पावसाळ्यात लाइट गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं की डेटाबेस बिघडू शकतो, मग सगळं नव्याने जुळवत बसायचं. दुसरी अडचण इंटरनेटची. आपल्याकडे पुष्कळ कनेक्शनांना स्वतःचा जाहीर आयपी पत्ता नसतो, त्यामुळे 8333 पोर्ट, म्हणजे नोडचं बाहेरच्यांसाठीचं दार, उघडूनही बाहेरचे नोड आत येऊ शकत नाहीत. त्यावर उपाय टॉरचा, म्हणजे आयपी पत्ता न दाखवता जोडणी करून देणाऱ्या जाळ्याचा. बिटकॉइन कोअरला टॉरची जोड दिली की इतरांना आपल्यापर्यंत पोहोचता येतं. फक्त बाहेर जाणाऱ्या डेटावर मर्यादा घालून ठेवा.

नोड चालवायला स्वतःकडे एकही बिटकॉइन असावा लागत नाही. घ्यावेत का, हे मला विचारू नका. त्याचा सल्ला मी कुणालाच देत नाही.

‘फुकट मेहनत’ म्हणतात तिचा मोठा भाग कोड लिहिण्याचा नाहीच, दुसऱ्याचा लिहिलेला वाचण्याचा आहे. बदल सुचवणारे पुष्कळ असतात, बारकाईने वाचणारे थोडे. माझी रीत अशी. सुचवलेला बदल माझ्या मशीनवर आणतो, त्या कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवतो (बिल्ड करतो), पायथन भाषेतल्या फंक्शनल टेस्ट, म्हणजे नोड खरोखर चालवून त्याचं वागणं तपासणाऱ्या चाचण्या, चालवतो. मग त्या बदलातली एखादी अट मुद्दाम उलटी करतो, ‘पेक्षा मोठा’ असेल तिथे ‘पेक्षा लहान’, आणि टेस्ट पुन्हा लावतो. आता ती फेल झाली पाहिजे. तरीही पास झाली, तर त्या ओळीवर कुणाचा पहारा नाही असा अर्थ होतो, आणि मी ते लिहून कळवतो. बदल पटला तर ‘अ‍ॅक’, म्हणजे संमती, द्यायची, पण कोडच्या ज्या नोंदीवर (कमिटवर) आपण तपासलं तिचा हॅश, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, सोबत लिहून. म्हणजे नंतर कुणी एक ओळ जरी बदलली, तरी माझी संमती जुन्याच रूपाला होती हे दिसतं. हा रिवाज मला फार आवडतो.

याची गरज 2018 च्या सप्टेंबरात सगळ्यांना कळली. एकाच व्यवहारात तीच रक्कम दोनदा खर्चायला अटकाव करणारी एक तपासणी ब्लॉकच्या बाबतीत वगळली गेली होती. हेतू चांगला होता, वेग वाढवण्याचा. तेच काम पुढे दुसरीकडे होतं अशी समजूत होती. जाणत्या माणसांच्या नजरेखालून तो बदल गेला आणि वर्षाहून अधिक काळ तसाच राहिला. 18 सप्टेंबरला 0.16.3 आवृत्ती येऊन ते बुजवलं गेलं. मुख्य जाळ्यावर कुणी गैरफायदा घेतला नव्हता. ती हकीकत वाचल्यापासून ‘हे दुसरीकडे तपासलं जातंच’ असं वाक्य दिसलं, की ते दुसरीकडचं ठिकाण उघडून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

कलाभवनातली, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतली मुलं हाच प्रश्न जरा वेगळा विचारतात: सर, सी प्लस प्लस जेमतेम येतं, आम्ही काय करू? त्यांना मी रेगटेस्ट लावायला सांगतो. त्यात अख्खं जाळं आपल्याच लॅपटॉपवर उभं राहतं, हवे तेव्हा ब्लॉक तयार करता येतात आणि खरा पैसा कुठेच गुंतत नाही. एक फंक्शनल टेस्ट निवडा, ओळीओळीने वाचा, मोडून बघा. नवी आवृत्ती निघण्याआधी रिलीज कँडिडेट, म्हणजे तिची चाचणीसाठीची प्रत, येतो. तो तुमच्या जुन्या लॅपटॉपवर, तुमच्या डळमळीत इंटरनेटवर चालवा. अडलं तर लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः लिहिलेली नोंद, जोडून इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर तक्रार, लिहा. तिथे तुमची पदवी कुणी विचारत नाही, काय केल्यावर काय झालं एवढंच नेमकं विचारतात. आणि लॉग कसा वाचायचा हे कळेना झालं, तर रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन या, सोबत बसून बघू.