तुम्ही विचारलंत म्हणून : ठिय्यावरचा द्राक्षमळा

प्रार्थना सभा आटोपून चहाचे कप फिरायला लागले की कुणीतरी हमखास शेजारी येऊन बसतं. "बाई, तुम्हाला हे सुचतं कुठून? संत्र्याचं झाड, रस्त्यावरचा माठ, चौकातली माणसं. आम्हीही तेच बघतो, आम्हाला का नाही त्यात काही दिसत?" विचारणाऱ्या बहुधा नुकत्याच मनन, म्हणजे सभेत बायबलमधल्या वचनावर छोटंसं बोलणं, द्यायला लागलेल्या मुली असतात. नागपुरातल्या मेकोसाबागेतल्या एका सभेत तर एकीनं वहीच पुढे केली होती, पद्धत लिहून घ्यायला. माझ्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनीही परवा विचारलं. त्या ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे सूर वेगळा होता : "तुमच्यात प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य काढावंच लागतं का हो?"

त्यांचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. काढावं लागत नाही. बऱ्याचदा न काढलेलंच बरं. मी आयुष्यभर मननं ऐकत आले आहे. कुकरची शिटी म्हणजे प्रार्थना, मोबाइलचं चार्जिंग म्हणजे पहाटेची उपासना, कूलरची मोटर म्हणजे पवित्र आत्मा, इथवर मजल गेलेली मी या कानांनी ऐकली आहे. ऐकताना बरं वाटतं, माना डोलतात. घरी आल्यावर मात्र कुकरबद्दलही नवीन काही कळलेलं नसतं आणि प्रार्थनेबद्दलही नाही. बोलणाऱ्याला जे आधीपासून ठाऊक होतं तेच त्यानं कुकरात घातलं आणि तेच बाहेर काढलं. व्हॉट्सअॅपवर उगवत्या सूर्याच्या चित्रावर वचन टाकून येतं, त्याचंही तसंच.

येशूचे दाखले, म्हणजे त्यानं सांगितलेल्या छोट्या बोधकथा, असे नाहीत. जमीन, जाळं, खमीर, मेंढरं, हरवलेलं नाणं, सगळं रोजचंच. पण पेरणाऱ्याच्या किंवा गव्हातल्या तणाच्या दाखल्यासारखे थोडे सोडले तर बाकीचे त्यानं न उलगडताच ठेवले. शिवाय त्यांत काहीतरी खटकतंच. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकामागे जाणारा मेंढपाळ कुठल्याही मेंढपाळाला विचारा, वेडा वाटेल. ऐकणारा मान डोलवत नाही, डोकं खाजवतो.

तेव्हा माझी पद्धत असलीच तर ती एवढीच : वस्तू आधी वस्तू म्हणून नीट बघायची. या बाबतीत मला आमच्या नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आठवतात. 1845 साली स्कॉटलंडहून इथे आलेला हा मिशनरी शाळा चालवायचा, शुभवर्तमान सांगायचा आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करायचा. जीवाश्म, खनिजं, गोंडांची भाषा आणि गाणी, जे दिसेल त्याची नोंद. त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या नावाचं खनिजही आहे, हिस्लॉपाइट, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 1863 साली टाकळघाटजवळची शिलावर्तुळं बघायला गेले आणि परतताना नाल्याच्या पाण्यात वाहून गेले. प्रवचनात उदाहरणाला उपयोगी पडावा म्हणून त्यांनी दगड उचलला नसावा. दगड काय आहे ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. देवानं केलेली वस्तू आहे, तर तिच्याकडे इतपत लक्ष द्यायलाच हवं, असं मला त्यातून वाटतं.

नीट बघितलं की मग वचनच बदलायला लागतं. बदलतं म्हणजे आपण ते किती घाईघाईनं वाचलं होतं ते लक्षात येतं.

पाणपोईचं घ्या. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला की आपल्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. कोपऱ्यावर ओल्या लाल कापडात गुंडाळलेले माठ, वर झाकणी, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं, आणि पाणी ओतायला बसलेला एखादा म्हातारा, नाहीतर सुट्टी लागलेला पोरगा. गार पाण्याचा पेला देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं वचन मी अशा ठिकाणी कित्येकदा मनात म्हटलं असेल, आणि दर वेळी 'आपणही पाणी द्यावं' एवढाच अर्थ काढला असेल. सदरहून बाजार करून येताना एकदा अशाच पाणपोईशी थांबले, ओंजळ पुढे केली, आणि पिता पिता लक्षात आलं की त्या वचनात पाणी देणारा शिष्य नाहीच. शिष्य पिणारा आहे. येशू बारा जणांना रिकाम्या हातानं गावोगाव धाडतोय आणि सांगतोय की तुम्हाला जो पाणी पाजेल त्याचं देव विसरणार नाही. नागपुरात आम्ही मूठभर. ज्या पाणपोयांचं पाणी आम्ही पितो त्या कुणा मंडळाच्या, कुणा व्यापाऱ्याच्या, कुणी आईच्या स्मरणार्थ ठेवलेल्या. आम्ही देणारे असं स्वतःला समजायची सवय लागलेली असते. ती ओंजळ धरल्यावर जरा ढिली पडते.

संत्र्याचं मात्र जपून. माझ्या दिरांची काटोलकडे बाग आहे, त्यामुळे मननात संत्रं आलं नाही तर बायकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. आधी कलमाबद्दल. संत्र्याची रोपं करतात ती जंबेरीच्या खुंटावर डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधून. जंबेरी आंबट, रानटी, पण मुळं चिवट. तिच्या सालीला चाकूनं छेद द्यायचा, गोड झाडाचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी गच्च बांधायची. दीर हे करत असताना मी एकदा रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय मोठ्या हौसेनं सांगायला गेले : पौलही म्हणतो, जैतुनाला (म्हणजे ऑलिव्हला) कलम केलं. ते हात न थांबवता म्हणाले, "कशाला कशाचं?" मी पुस्तक उघडून वाचलं : रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनाला. ते हसले. "उलटं झालं की वहिनी. गोड वर पाहिजे, रानटी खाली. असं कोण करतं?" पुढे चोविसावं वचन वाचलं तर पौल स्वतःच सांगतो की हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. म्हणजे त्याला माहीत होतं. शेतकरी जे कधी करणार नाही ते देवानं केलं, हेच त्याला म्हणायचं होतं. आणि मी ते 'देव माळ्यासारखा आहे' म्हणून गुळगुळीत करून सांगत होते.

(जाता जाता : आमच्या उपासनेत पेटी-टाळांवर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं सुरू झाली की मला हे कलम आठवतं. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. पुढे वाचणं, वाद घालणं, तळमळणं, आणि 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. यात मूळ कुठलं आणि फांदी कुठली, हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. पण डब्यातल्या त्या भेटीची गोष्ट सांगताना लोक पुढची दोन वर्षं गाळतात, ते मला पटत नाही.)

आता ताण. आंबिया बहारासाठी थंडीत बागेचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडायला लागतात, वाढ थांबते. मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत बाग फुलांनी पांढरी होते आणि वासानं डोकं भणभणतं. यावरून निघणारं मनन तुम्हीही ऐकलं असेल : देव ताण देतो तो बहार यावा म्हणून. ऐकायला सुंदर आहे. मी ते देत नाही. एका घरी तरुण मुलगा गेला होता, आणि भेटायला आलेल्या कुणीतरी त्याच्या आईला नेमकं हेच ऐकवलं. ती बाई बागाईतदाराच्याच घरातली. तिनं मान वर करून विचारलं, "कुठला बहार?" पुढे कुणी बोललं नाही.

ताण म्हणजे काय ते दिरांना विचारा. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. रोज बागेत फेरी. पान किती मिटलं, किती गळलं, हे बघत राहायचं. जास्त झालं तर फांद्या वाळतात, पुढे सल काढत बसावं लागतं. झाड मेलं तर तो ताण नव्हे, तो दुष्काळ. आणि विदर्भात दुष्काळाला बहाराची पूर्वतयारी म्हणायची हिंमत कुणी करू नये. तेव्हापासून माझी एक कसोटी आहे, वहीवाल्या मुलीलाही तीच सांगितली. सापडलेला धडा दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावत असेल तर तो टाकून द्यायचा. माझ्याच खिशाला, वेळेला, अभिमानाला हात घालत असेल तर थोडे दिवस जवळ ठेवून बघायचा.

असा एक धडा हल्ली माझ्याकडे आहे आणि त्यानं पुरता वैताग आणलाय. आमच्या घराजवळच्या चौकात मजुरांचा ठिय्या भरतो. सकाळी आठच्या आत मिस्त्री, बिगारी, पेंटर, रेजा (बांधकामावरच्या मजूर बायका) येऊन उभे राहतात. पिशवीतून थापीचं टोक बाहेर आलेलं, बादलीत ब्रश, प्रत्येकाजवळ डबा. मोटारसायकलवरून ठेकेदाराचा माणूस येतो, गाडी बंदही करत नाही, बोटानं दाखवतो : तू, तू आणि तो. धडधाकट पोरं आधी जातात. दहा वाजता भाव उतरतो. अकराला जे उरतात ते बघा : पन्नाशी ओलांडलेले, हाताला पट्टी बांधलेला एखादा, तान्हं पोर घेऊन आलेली रेजा. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक संध्याकाळी शेवटच्या तासाला चौकात जातो आणि विचारतो, तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. संडे स्कूलमध्ये हे शिकवताना मुलांच्या डोळ्यांपुढे आळशी माणसं उभी राहायची, माझ्याही. ठिय्यावर उभं राहून बघितलं तर ते उत्तर शब्दशः खरं आहे.

एकदा तिथल्या कडुनिंबाखाली एक म्हातारा मिस्त्री अकरा वाजताच डबा उघडून बसलेला दिसला. पोळी, मिरचीचा ठेचा, कांदा. "इतक्या लौकर?" मी सहज विचारलं. "आता घरी जातो ना बाई. भरेल डबा घरी कसा नेऊ?" रिकामा डबा नेला म्हणजे घरच्यांना लगेच कळत नाही. काम करून दमणं एक, आणि निवडलं न जाता उभं राहून दमणं दुसरं. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मालक शेवटच्यांनाही सकाळपासून राबलेल्यांइतकाच दिनार देतो, कारण अर्ध्या दिनारात घर अर्धं जेवत नाही, असं मला त्या डब्याकडे बघून वाटलं.

त्या मिस्त्रीला मी गच्चीची तडकलेली कडा बुजवायला घरी आणलं आणि पाच वाजता पुऱ्या दिवसाचे पैसे दिले. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून भाव बिघडवल्याबद्दल मला झापलं, ते ठीक. पण पुढच्या आठवड्यात फाटकाशी दुसराच माणूस उभा. यानं आदल्या महिन्यात आमच्याकडे सकाळपासून टाकी साफ केली होती, ठरलेले पैसे घेऊन गेला होता.

"बाई, त्याले पुरी रोजी देली म्हन्ते तुमी?"

"हो, दिली."

"देली त बराबर केलं. म्हातारा हाय. पन मंग मले बी वाढवून द्या लागन."

दाखल्यात या जागी सकाळपासून राबलेले कुरकुर करतात आणि मालक म्हणतो, माझं आहे ते मी माझ्या मर्जीनं देतो, तुला का खुपतं? आणि विषय संपतो. मला काही ते म्हणवेना. हा कुरकुर करत नव्हता. दुसऱ्याला मिळालं ते कमी करा असंही म्हणत नव्हता. त्यालाही तेवढंच हवं होतं. मी पुढच्या कामाला वाढवून द्यायचं कबूल केलं, त्यानं आकडा सांगितला, मी दुसरा सांगितला, मधे कुठेतरी जमलं.

पुढच्या सभेत मी हे मनन म्हणून दिलं, अर्थ न सांगता. बायकांनी माना डोलवल्या नाहीत. धुणंभांडं करणाऱ्या बाईला महिन्याच्या सुट्ट्या किती, पगार शेवटचा कधी वाढवला, दिवाळीला आणि नाताळला दोन्हीकडे द्यायचं का, यावर अशी जुंपली की शेवटचं गीत राहून गेलं आणि पाळकीणबाईंना घाईघाईत आशीर्वाद उरकावा लागला. निघताना चपला घालत एक जण म्हणाली, "बाई, त्या मालकाचं ठीक आहे, त्याचा द्राक्षमळा होता. मी पेन्शनवर आहे." तिला अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर शुक्रवारच्या सभेला या.