गिरणगाव बघायचं तर आधी छप्पर बघा

तुम्ही विचारलंत म्हणून. "मुलांना गिरणगाव दाखवायचंय, म्युझियम कुठे आहे?" हा प्रश्न नेहमीचा. (गिरणगाव म्हणजे मुंबईतला लालबाग-परळकडचा जुन्या कापडगिरण्यांचा भाग.)

तिकीट काढून चालू गिरणी बघावी, अशी सोय मुंबईत नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जरूर जा (बुधवारी बंद असतं). जुन्या मुंबईचे नकाशे आणि मातीच्या प्रतिकृती सुरेख आहेत, पण गिरणीची यंत्रं तिथे मिळायची नाहीत. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियमचं नाव ऐकून जाणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. तिथला खजिना हातमागाचा, छपाईचा आणि भरतकामाचा.

तेव्हा लोअर परळला उतरा. फिनिक्स मिलची चिमणी आता मॉलच्या आवारात उभी आहे. फोटो सगळे तिचाच काढतात, पण खरं तर ती सगळ्यात कमी सांगते: खाली कोळशाचा बॉयलर होता, एवढंच. छप्पर जास्त बोलकं. निघण्याआधी मोबाइलवर नकाशाचं उपग्रहचित्र उघडा. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर वरून पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. असं बैठं छप्पर म्हणजे बहुधा विणकामाची शेड. शेकडो मागांचे हादरे वरच्या मजल्यांना सोसत नाहीत, म्हणून माग जमिनीवर. सूतकताईची यंत्रं मात्र मजल्यांवर मजले चढवून बसवलेली.

दात्यांच्या काचा उत्तरेकडे असतात. थेट ऊन आलं तर कापसाचा धागा सुकून तुटतो, आणि कापडावर सावल्या पडल्या की तुटलेला धागा दिसत नाही. (मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पण तोवर तो जवळजवळ डोक्यावर आणि पुढे पावसाचे ढग, म्हणून निभावतं.) मजल्यांच्या इमारतीत जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी दिसली तर ती आगीसाठी. हवेत उडणारा कापसाचा तंतू ठिणगीला पुरतो. बंद गिरण्यांच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतात. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, वाद घालू नका.

तिथून ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींकडे वळा. पुनर्विकासाचं पाडकाम सुरू आहे, तेव्हा उशीर नको. मुंबईत अशा 207 चाळी बांधल्या गेल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपातल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जण असल्याच खोल्यांतून पाळीला जायचे. लोक अजून राहतात, दारात कॅमेरा रोखू नका. रविवारी गेलात तर ध्यानात असू द्या: ही सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यातून 1890 मध्ये गिरणी कामगारांना मिळाली.

आता चालू माग. तो इचलकरंजी किंवा भिवंडीत. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये बसला. जाण्याआधी ओळखीतून विचारून घ्या, "धोट्याचे माग आहेत का?" (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा तुकडा.) नव्या मागांत धोटाच नसतो, मग बघायचं ते राहूनच जातं.

मागासमोर उभं राहून क्रम बघा. वह्या (धागे ओवलेल्या चौकटी) वर-खाली होऊन ताण्याचे म्हणजे उभे धागे दुभागतात, त्या फटीतून धोटा पलीकडे जातो, फणी बाणा म्हणजे आडवा धागा ठोकून बसवते. साध्या मागावर मिनिटाला सुमारे 120 ते 160 वेळा हे होतं. धोट्यातली धाग्याची कांडी संपली की कामगार माग थांबवून दुसरी घालतो. ताण्याचा एखादा धागा तुटला तर साधा माग आपणहून थांबत नाही. माणसाच्या नजरेला तो दिसायला हवा, नाहीतर कापडात उभी रेघ पडत जाते. छपराच्या काचा कशासाठी होत्या, ते इथे कळतं.

उभं राहायचं ते पुढे किंवा मागे. बाजूला कधीच नाही, कारण धोटा निसटला तर बाजूलाच उडतो. ओढणी, सैल पदर माग फिरवणाऱ्या पट्ट्यापासून लांब. कानात कापूस आधीच घाला; आत गेल्यावर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून मुलांचे प्रश्न बाहेर पडेपर्यंत थांबवायला लागतात.