तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कोणती हत्यारं ठेवायची?

‘नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय, हत्यारांची पेटी कुठली घेऊ?’ हा प्रश्न घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सगळीकडून येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: पेटी घेऊ नका. शंभर नगांच्या स्वस्त पेटीतलं लोखंड मऊ असतं, फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक चार स्क्रूंत गोल होतं आणि नेमका जो पाना लागतो तोच त्यात नसतो. हत्यारं सुटी घ्या, मोजकी आणि चांगली.

त्याआधी एक बिनपैशाचं काम करा. पाणी आणि वीज कुठून बंद होते ते शोधा. सिडकोच्या जुन्या इमारतींत घराचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा गच्चीवर टाकीपाशी किंवा डक्टमध्ये असतो. नव्या टॉवरमध्ये बाथरूमच्या टाइल्सवर एक मूठ दिसते, तोच तो. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह जाम होतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून उघडत जा. मग वीजबोर्डातला एकेक एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पाडून कशाने काय बंद होतं ते पट्टीवर लिहा. शेजारच्या आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. नाही गेली, तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

आता हत्यारं. ८ इंची पक्कड, इन्सुलेटेड मुठीची. १० इंची ॲडजस्टेबल पाना. ८ इंची काही नटांना अपुरा पडतो. दोन नंबरच्या फुलीचा आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, हातोडी, मीटर टेप. सोबत टेफ्लॉन टेपची दोन रिळं आणि अर्ध्या इंची नळाचे चार वायसर (नळ बंद केल्यावर पाणी अडवणाऱ्या रबरी चकत्या). एवढ्यावर वर्ष निघतं. हॅमर ड्रिल नंतर घ्या किंवा शेजारी मिळून एक घ्या.

सगळ्यात जास्त वेळा गळतो तो नळ, म्हणून त्याचं नीट सांगतो. मूठ तीन-चार वेळा फिरवावी लागते तो वायसरचा नळ. पाणी बंद करा, नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या आणि खालच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू थेट नहाणीत जातो. मुठीवरची टोपी चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचका, आतला स्क्रू काढा, मूठ ओढून घ्या. खाली सहा कोनी नट दिसेल. पान्याच्या जबड्यात कापड धरा म्हणजे क्रोम खरवडणार नाही, आणि दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरा. हे विसरलात तर नटाबरोबर नळ भिंतीत फिरतो आणि मागची जोडणी सैल होते. पान्याचा जोर नेहमी स्थिर जबड्यावर यावा. उलटा लावला की तो नटावरून निसटतो आणि कोपरे खातो.

नट सुटून आतली दांडी बाहेर आली की तिच्या टोकाचा वायसर बदला. पण तिथेच थांबू नका. नळाच्या आत वायसर जिथे टेकतो त्या पितळी कडेवरून बोट फिरवा. खड्डा किंवा खरखर लागली, तर नवा वायसरही काही दिवसांत कापला जाईल. मग ती कड घासून घ्यावी लागते, नाहीतर नळच बदलावा. परत बसवताना दांडी उघड्या स्थितीत ठेवून नट आवळा. बंद स्थितीत आवळलात तर वायसर कडेवर चिरडतो.

पाव फेऱ्याच्या नळात वायसर नसतो, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते जुनं खिशात घालूनच दुकानात जा, कारण मुठीचे दात आणि उंची कंपनीगणिक वेगळी. या नळांचा खरा शत्रू रेती. सोसायटीची टाकी धुतली किंवा शटडाऊननंतर पाणी गढूळ आलं की नळाच्या तोंडाची जाळी काढा आणि मिनिटभर पाणी वाहू द्या.

टेफ्लॉन टेप गुंडाळायची दिशा बहुतेक जण चुकवतात. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ८ ते १० वेढे घट्ट द्या, पहिला आटा मोकळा ठेवा. बसवताना नळाचं तोंड सरळ करण्यासाठी मागे फिरवलंत तर टेप फाटते. सगळी काढा, नव्याने गुंडाळा. आणि ताकद लावू नका. सीपीव्हीसीचा एल्बो (प्लास्टिक पाइपाचा कोपऱ्यातला जोड) भिंतीच्या आत तडकला तर तो दिसत नाही, खालच्या घरच्या छताला पोपडे धरतात तेव्हा कळतं.

पंखा सगळ्या स्पीडला सावकाश फिरत असेल, तर बहुधा कपॅसिटर (मोटार फिरायला मदत करणारा छोटा सुटा भाग) गेलेला असतो, साधारण २.५ मायक्रोफॅरडचा. जुन्यावरचा आकडा वाचून तोच आणा. एमसीबी पाडा, नुसतं बटण नको, कारण काही घरांत बटण चुकीने न्यूट्रलवर असतं. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पेटतो का ते पाहा, मग पंख्याच्या तारेला लावा, आणि परत चालू सॉकेटवर. कपॅसिटरची दोन टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडून मगच हात लावा. बीएलडीसी पंख्याला (कमी विजेवर चालणारा, बहुधा रिमोटचा) हे लागू नाही.

भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल लावू नका, तिथून पाइप गेलेले असतात. साध्या विटेच्या भिंतीला ६ मिमी बिट, तेवढीच गिट्टी (भोकात बसवायचा प्लास्टिकचा खुंट) आणि दीड इंची स्क्रू पुरतो. भोक गिट्टीपेक्षा ५ मिमी खोल असावं. पांढऱ्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर हॅमर बंद ठेवा आणि त्या ब्लॉकसाठीची लांब नायलॉन गिट्टी मागा, साधी गिट्टी तिथे गरगर फिरते. खाडीजवळच्या घरात बाल्कनीला स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू लावा.

पावसाळ्यात दार अडकलं तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा. जुलैत रंधा मारलात तर डिसेंबरात फट दिसेल.

गॅसच्या पाइपला, मीटरच्या आधीच्या वायरिंगला आणि टाइलमागच्या पाइपला हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू-बंद न करता शेगडीजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, घराबाहेर जाऊन फोन लावा.