पायरियाच्या दातातून स्टेम सेल काढताना: माझा अनुभव

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि जबडा यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचं लिगामेंट (दाताला धरून ठेवणारे तंतू) असतं, आणि त्या जागेची डागडुजी करणाऱ्या स्टेम सेल (नव्या प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) त्यातच राहतात. २००४ मध्ये काढलेल्या अक्कलदाढांमधून त्या पहिल्यांदा वेगळ्या केल्या गेल्या. कोल्हापुरात आम्ही हे काम निरोगी आणि पायरियाने हलायला लागलेल्या, अशा दोन्ही दातांवर केलं. छापील कृती निरोगी दाताची असते. खराब दाताला ती जशीच्या तशी चालत नाही, म्हणून हे लिहितोय.

नैतिकता समितीची आणि संस्थेच्या स्टेम सेल समितीची मंजुरी आधी घ्या. पेशंटची संमती मराठीत, दात काढायच्या आधी. याला वेळ लागतो. त्यात शिकण्यासारखं फार नाही.

खरी अडचण निवडीत आहे. निरोगी म्हणून हाती येतो तो तारा लावण्यासाठी काढलेला प्रीमोलर (सुळ्यामागची छोटी दाढ), म्हणजे कॉलेजातल्या पोराचा. पायरियाचा दात पन्नाशीतल्या माणसाचा, सोबत मशेरी किंवा तंबाखू, बऱ्याचदा मधुमेहही. वयानेही या पेशींची ताकद उतरते. मग दिसलेला फरक रोगाचा की वयाचा? निरोगी गटात चाळिशीपुढच्यांच्या अक्कलदाढा मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

दात काढणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवायच्या. मुळावर बर (ड्रिलचं टोक) फिरवू नका, उष्णतेने पेशी मरतात. आणि दात स्पिरिट, फॉर्मॅलिन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकू नका. ओपीडीत हात सवयीने तिकडेच जातो. आधी दुप्पट अँटिबायोटिक घातलेल्या थंड मीडियमची (पेशी जगवणाऱ्या द्रवाची) ट्यूब त्यांच्या हातात द्यावी, बर्फासकट, आणि दात त्याच दिवशी लॅबमध्ये घ्यावा.

निरोगी दातात मुळाचा मधला तिसरा भाग खरवडतात. वर हिरडीच्या पेशी मिसळतात, टोकाशी आतल्या नसेच्या. पायरियाच्या दातात नेमका तो मधला भाग बऱ्याचदा उघडा पडलेला असतो, वर किटणाचा थर. लिगामेंट उरलेलं असतं ते खाली, टोकाच्या थोडं वर. तेवढंच घ्यायचं. मुळाला लोंबणारा मऊ लालसर गोळा भरघोस दिसतो, पण तो ग्रॅन्युलेशन टिश्यू, म्हणजे सुजेमुळे वाढलेलं मांस. तो घेतला तर प्रयोग वेगळ्याच पेशींचा होतो. आधी किटणाचा भाग कापसाने पुसून टाका, मग पीबीएसमध्ये (पेशींना न दुखवणाऱ्या खारट द्रावणात) अनेकदा धुवा, अँटिबायोटिकसोबत अँफोटेरिसिन बी हे बुरशीनाशक घालून.

पुढे तुकडा विरघळवून पेशी सुट्या करणारी एन्झाइम: कोलॅजिनेज टाइप १ मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम, डिस्पेज ४ मिलिग्रॅम, ३७ अंशांवर एक तास. मग ७० मायक्रॉनची गाळणी. एन्झाइमचा प्रत्येक लॉट सारखा नसतो, नवा आला की आधी तपासा. तुकडा फारच छोटा असेल तर विरघळवण्यापेक्षा बारीक करून कव्हरस्लिपखाली (पातळ काचेखाली) दाबून ठेवणं जास्त खात्रीचं. मीडियम अल्फा-एमईएम, १५ टक्के सीरम. पहिले तीन दिवस प्लेट हलवायची नाही, कितीही बघावंसं वाटलं तरी.

पावसाळ्यात इथे बुरशी सतावते. इन्क्युबेटरमधल्या पाण्याचा ट्रे हे तिचं घर. सीरम कोरड्या बर्फात बाहेरून येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, तेव्हा साठा जूनआधीच भरून घ्यावा. द्रव नायट्रोजनचा कॅन मात्र इकडे कुणाला नवा नाही, म्हशींच्या रेतनाच्या कांड्या त्यातच असतात.

आता मुख्य गोष्ट. पायरियाच्या पेशी अनेकदा निरोगी पेशींपेक्षा भराभर वाढतात, आणि नवखा माणूस हरखतो. पण हाड घडवायला लावलं की मागे पडतात. मीडियममध्ये डेक्सामेथासोन, अॅस्कॉर्बिक अॅसिड आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालून २१ दिवसांनी अॅलिझरिन रेड (साचलेलं कॅल्शियम लाल दाखवणारा रंग) लावलं की निरोगी पेशींचा वेल (प्लेटमधला खळगा) लालभडक आणि दुसऱ्यात तुरळक ठिपके. सूक्ष्मजंतूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, तसेच टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज वाढवणारे रेणू, यांनी पेशीतला एनएफ-कप्पा-बी हा संदेशमार्ग चेतवला जातो आणि पेशीला हाडाकडे नेणारं रनक्स-२ हे प्रथिन दबतं. दात बाहेर काढून स्वच्छ मीडियममध्ये वाढवल्यावरही ही खोड लगेच जात नाही. टी लिम्फोसाइटना (रोगप्रतिकारक पेशींना) आवर घालण्याचं या स्टेम सेलचं कामही मंदावतं, आणि तिथली सूज स्वतःहून न शमण्याचं हेही एक कारण असावं.

हा निकाल फसवाही असू शकतो. जलद वाढणारा थर आधी भरतो आणि मधेच चादरीसारखा सुटून येतो. मग डाग कमी दिसतो तो पेशीच गेल्यामुळे. म्हणून तारीख बघून नाही, दोन्हीकडचे वेल भरल्यावर इंडक्शन (हाड घडवायला लावणं) सुरू करा, आणि पॅसेजही (पेशी किती वेळा नव्या प्लेटमध्ये हलवल्या तो आकडा) सारखाच ठेवा. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं तर पेशींनी काही न करताही कॅल्शियम फॉस्फेट साचतं, तेव्हा पेशी नसलेला एक वेल हवाच. रंगाच्या द्रावणाचा पीएच ४.२ च्या आसपास. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. १० टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइडमध्ये रंग विरघळवून ५६२ नॅनोमीटरला वाचावा.

हे काम ऐकून पेशंट विचारतात, "डॉक्टर, माझ्याच पेशी परत घालून दात घट्ट करता येईल का?" २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर चाचणीबाहेर असा उपचार करता येत नाही. आणि चाचणीतसुद्धा आधी किटण काढून, मुळं साफ करून सूज उतरवावी लागते, कारण तशाच खिशात (हिरडी आणि मुळामधल्या पोकळीत) सोडलेल्या निरोगी पेशींनाही तेच लिपोपॉलिसॅकराइड भेटतं.